हळू आणि खालून

मुलगा किंवा मुलगी विमान शिकायला बारामतीला, गोंदियाला, नाहीतर थेट फ्लोरिडाला निघाली की घरातून एक सूचना हमखास मिळते. "जपून हं. फार उंच नेऊ नकोस, आणि हळू चालव." ही सूचना देणाऱ्या आईने आयुष्यभर स्कूटर, एसटी आणि घाट पाहिलेले असतात. रस्त्यावर तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. वेग कमी तर इजा कमी, आणि माडीवरून पडण्यापेक्षा ओट्यावरून पडलेलं बरं. विमानाच्या बाबतीत मात्र तिच्या काळजीतले दोन्ही शब्द उलटे पडतात. छोट्या खासगी विमानांच्या जीवघेण्या अपघातांतला फार मोठा वाटा नेमका तिने सांगितलेल्या परिस्थितीतच घडतो: हळू आणि खालून.

प्रवासी विमानाच्या खिडकीतून खाली पाहताना आपल्या पोटात गोळा येतो तो उंचीमुळे. वैमानिकाच्या लेखी उंची ही गाठीला असलेली शिल्लक असते. तीन हजार फुटांवर सेसना १७२ चं इंजिन बंद पडलं, तर ते विमान वारा नसताना साधारण आठ किलोमीटर तरंगत जाऊ शकतं. तेवढ्यात एखादं मोकळं शेत हेरता येतं, रेडिओवर कळवता येतं, इंजिन पुन्हा सुरू करून पाहता येतं. तीनशे फुटांवर तेच विमान जेमतेम आठशे मीटर जातं, आणि त्यातले पहिले काही क्षण ‘हे काय झालं?’ या प्रश्नातच संपतात. विमान तेच, बिघाड तोच, माणूसही तोच. फरक असतो तो उसंतीचा.

पण खालून उडण्यात फक्त उसंत कमी पडते असं नाही. खाली आल्यावर चुका करायला लावणारी कारणंही वाढतात, आणि माझ्या मते हा भाग लोकांना फारसा ठाऊक नसतो. तो समजण्यासाठी आधी पंख कसा दगा देतो ते पाहायला हवं.

लहानपणी एसटीच्या खिडकीबाहेर हात काढून आपण सगळ्यांनी कंडक्टरचा ओरडा खाल्लेला आहे. तो खेळ आठवा. तळहात जमिनीला समांतर धरला तर वारा नुसता कापला जातो. अंगठ्याकडची कड जराशी वर केली की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी वर केली की आणखी उचल. मग एक क्षण असा येतो की उचल एकदम नाहीशी होते, हात थरथरतो आणि मागे फेकला जातो. विमानाच्या पंखाचं हेच होतं. समोरून येणारी हवा आणि पंख यांच्यातल्या कोनाला वैमानिक ‘अँगल ऑफ अटॅक’ म्हणतात. हा कोन साधारण पंधरा ते अठरा अंशांपर्यंत असेतो हवा पंखाच्या पाठीला चिकटून वाहते. त्यापुढे ती पाठ सोडते आणि उचल कोसळते. याला ‘स्टॉल’ म्हणतात. मोटारीचं इंजिन ‘स्टॉल’ होतं त्याच्याशी याचा काही संबंध नाही. इंजिन पूर्ण ताकदीने गर्जत असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो. वोल्फगांग लांगेविशे यांचं ‘स्टिक अँड रडर’ हे १९४४ चं पुस्तक आजही वैमानिकांच्या हाती दिसतं, ते मुख्यतः या एका कोनाभोवती लिहिलेलं आहे.

आता विमान वळवा. विमान वळतं ते एका बाजूला कलून. कललं की पंखांची उचल सरळ वर न राहता तिरकी होते, म्हणून उंची टिकवायची तर एकूण उचल वाढवावी लागते. त्यासाठी वैमानिक दांडा स्वतःकडे ओढतो. दांडा ओढला की कोन वाढतो, म्हणजेच पंख स्टॉलच्या उंबरठ्याकडे सरकतो. सेसना १७२ सरळ उडताना ताशी ९० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं. ४५ अंश कलून उंची न गमावता वळताना तोच आकडा १०७ वर जातो, ६० अंशांना १२७ वर आणि ७५ अंशांना १७७ वर. ६० अंशांच्या वळणात सत्तर किलोचा माणूस खुर्चीत एकशे चाळीस किलोचा होऊन बसतो, गाल खाली ओघळतात, हात उचलायला जोर लागतो. खाली काहीतरी नीट पाहायचं म्हणून वेग १२० वर आणलेल्या वैमानिकाने असं तीव्र वळण घेतलं तर? सरळ उडताना पुरेसा असलेला वेग वळणात पुरत नाही, आणि वेगाचा काटा तर जागचा हललेलाही नसतो.

७ नोव्हेंबर २०१७ रोजी दुपारी बाराच्या सुमारास फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉय हॅलाडे आपलं नवं विमान घेऊन एकटाच उडाला होता. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या जगात हे फार मोठं नाव. टोरंटो आणि फिलाडेल्फियाच्या संघांचा हा गोलंदाज, २०१० साली प्रतिस्पर्ध्यांच्या एकाही फलंदाजाला पहिल्या टप्प्यावरही पाय ठेवू न देता त्याने आख्खा सामना काढला होता. वडील व्यावसायिक वैमानिक. निवृत्तीनंतर त्याने विमानाची हौस पुरवली. त्याच्याकडे सुमारे सातशे तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता, म्हणजे तो नवशिका नव्हता. विमान होतं आयकॉन ए५: दोन आसनांचं, पाण्यावर उतरणारं, दिसायला स्पोर्ट्स कारसारखं. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात जे जे सुचेल ते घातलेलं. स्पिनमध्ये, म्हणजे गरगरत कोसळण्यात, सहजासहजी न जाणारे पंख, अँगल ऑफ अटॅक दाखवणारी मोठी तबकडी थेट समोर, आणि विमान आख्खंच्या आख्खं खाली आणणाऱ्या पॅराशूटची सोय.

विमानातल्या नोंदींवरून पुढे जे कळलं ते वाचताना अंगावर काटा येतो. समुद्रकिनाऱ्याजवळून तो पाण्यापासून अवघ्या अकरा फुटांवरून गेला, वेग ताशी १७० किलोमीटर. अकरा फूट म्हणजे आपल्या घराच्या छताएवढी उंची. त्या वेगात विमानाची दिशा फक्त दोन अंशांनी पाण्याकडे झुकली, तर दोन सेकंदांत पाणी गाठलं जातं. शिंक आली तरी तेवढा वेळ जातो. तो किनाऱ्यावरच्या घरांपासून शंभर फुटांच्याही आतून गेला. मग खडी चढण, तीव्र वळण, पुन्हा खाली. शेवटच्या चढणीत विमान साडेतीनशे फुटांच्या आसपास पोचलं. वेग उतरत गेला, ताबा सुटला, आणि नाक खाली करून ते उथळ पाण्यावर आदळलं. साडेतीनशे फुटांवरून सोडलेला दगड साडेचार सेकंदांत खाली पोचतो. हॅलाडे चाळीस वर्षांचा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात जमिनीलगत केलेल्या आक्रमक हालचाली हे कारण ठरवलं आणि त्यामागे शरीरात सापडलेल्या औषधांचा अंमल असल्याचं नोंदवलं.

औषधांचा उल्लेख वाचून ‘मग आमचा काय संबंध’ असं म्हणायचा मोह होतो. तो टाळावा असं मला कळकळीने वाटतं, कारण याच जातीच्या विमानाचा सहाच महिन्यांपूर्वी दुसरा अपघात झाला होता आणि त्यात दांड्यावर हात होता तो जॉन कार्को यांचा. हे आयकॉन कंपनीच्या मुख्य अभियंत्यांपैकी एक आणि चाचणी वैमानिक. त्याआधी त्यांनी विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या कंपनीत काम केलं होतं. २००५ साली स्टीव्ह फॉसेट ज्या विमानातून एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, त्या ग्लोबलफ्लायरचं पहिलं उड्डाण कार्को यांनी केलं होतं. विमान कळलेला याहून मोठा माणूस शोधून सापडणार नाही. ८ मे २०१७ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेरियेसा तलावावर ते एका सहकाऱ्याला घेऊन पाण्यालगत उडत होते. तलावाचे फाटे डोंगरांच्या घळींत शिरलेले आहेत. त्यांनी एका घळीत विमान घातलं, आणि तपास करणाऱ्यांच्या अंदाजाप्रमाणे ती पुढे मोकळ्या पाण्याकडे निघणारी दुसरी घळ असावी असं त्यांना वाटलं. ही मात्र पुढे बंद होती. इंजिनाचा आवाज एकदम वाढलेला लोकांनी ऐकला, विमान डावीकडे वळताना पाहिलं. वळण पुरं झालं नाही. दोघेही गेले.

विमानाला वळायला किती जागा लागते याचा आपल्याला अंदाज नसतो, कारण आपण रिक्षाने गल्लीत वळणारी माणसं. ताशी १८५ किलोमीटर वेगाने ३० अंश कलून उलट दिशेला फिरायचं तर साधारण ९३० मीटर रुंदी लागते. ४५ अंश कललं तर ५४० मीटर. घळ त्याहून अरुंद असेल तर आणखी कलायचं, आणि आणखी कललं की स्टॉलचा आकडा वर चढत येतो. तीन हजार फुटांवरून पाहिलं असतं तर ती घळ पुढे बंद आहे हे शाळकरी पोरानेही सांगितलं असतं. पाण्यालगत असताना समोरचा डोंगर हा एकच देखावा असतो. खाली आलं की नकाशा दिसेनासा होतो, असं मी म्हणेन.

खाली उडणाऱ्याला डोळेही फसवतात, आणि तेही मोठ्या कौशल्याने. अलास्कातल्या वैमानिकांमध्ये ‘मूस स्टॉल’ असा शब्दच आहे. मूस म्हणजे सांबराच्या कुळातलं अवाढव्य जनावर. ते खाली दिसलं की वैमानिक त्याच्याभोवती घिरट्या घालतो, नजर त्याच्यावर खिळलेली. समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी १२० आहे आणि वारा ३५ चा. वारा पाठीशी असताना जमीन १५५ च्या वेगाने मागे पळते, वारा समोरून असताना ८५ च्या. तीन हजार फुटांवर हा फरक जाणवत नाही, जमीन तिथून सावकाशच सरकते. तीनशे फुटांवर मात्र झाडं झपाझप मागे जाताना दिसतात आणि वैमानिकाला वाटतं, आपला वेग फार झाला. तो नकळत नाक वर घेतो, नाहीतर थ्रॉटल मागे ओढतो. पंखाला जमिनीशी काही देणंघेणं नाही, त्याला फक्त हवा कळते, आणि हवेतला वेग तर आधीच बेताचा असतो. त्यात वारा विमानाला जनावरापासून दूर ढकलत असतो, म्हणून वर्तुळ धरून ठेवायला वैमानिक वळण आणखी आवळतो. नजर खालीच. इथे मूसच्या जागी आपलं घर ठेवा, शेतावरची आजी ठेवा, सहलीला आलेले मित्र ठेवा.

कारण खाली बहुतेक वेळा कोणीतरी असतंच. माणूस विमान खाली आणतो तो सहसा कोणाला तरी दाखवण्यासाठी, किंवा कोणाला तरी पाहण्यासाठी. यात मला उर्मटपणा कमी आणि माया जास्त दिसते, आणि म्हणूनच हा धोका मला अधिक जिव्हारी लागतो. २३ जून १९८० च्या सकाळी दिल्लीच्या सफदरजंग विमानतळावरून संजय गांधी पिट्स एस-२ए हे कसरतींसाठीच बनवलेलं छोटं विमान घेऊन उडाले. सोबत दिल्ली फ्लाइंग क्लबचे अनुभवी कॅप्टन सुभाष सक्सेना होते. आपल्या ओळखीच्या वस्तीवर, विलिंग्डन क्रेसेंटच्या परिसरात, कसरत करताना विमान कोसळलं आणि दोघेही ठार झाले. आपल्या देशाच्या राजकारणाची दिशा बदलणारा अपघात म्हणून तो लिहिला-बोलला जातो. तेवढ्याच कसरती करून पाच हजार फुटांवर चुकलेल्या वैमानिकाचं नाव कुठेच छापून येत नाही. तो चहाला घरी पोचलेला असतो. अमेरिकेत कसरतींना पंधराशे फुटांखाली बंदी आहे, आणि साध्या उड्डाणातही वस्तीवर सर्वांत उंच अडथळ्याच्या हजार फूट वर राहावं लागतं. इतरत्र पाचशे फूट. हे आकडे कोणा कारकुनाने मनाला येतील तसे घातलेले नाहीत, ते अशाच अपघातांतून आलेले आहेत.

खाली उडणाऱ्याला तारांचाही धोका असतो, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. विजेची तार हवेतून दिसत नाही. खांब दिसतो. म्हणून शेतांवर फवारणी करणारे वैमानिक खांब शोधतात आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चालतात. ओलांडायचीच वेळ आली तर खांबाच्या बरोबर वरून ओलांडतात, कारण तारेची उंची तिथेच नक्की कळते. ज्यांचा रोजचा धंदाच जमिनीलगत उडण्याचा, ती माणसं शेत फवारण्याआधी उंचावरून पाहणी करून घेतात.

आता ज्याला कसरती करायच्या नाहीत, घरावरून घिरट्या घालायच्या नाहीत, त्याचं काय? त्यालाही रोज एकदा हळू आणि खालून उडावंच लागतं: उतरताना. विमान धावपट्टीला समांतर जातं, मग काटकोनात वळतं, आणि शेवटी आणखी एका काटकोनात वळून धावपट्टीसमोर येतं. हे शेवटचं वळण चार-पाचशे फुटांवर येतं. त्या दिवशी वारा मागून ढकलत असेल तर विमान धावपट्टीची रेषा ओलांडून पुढे जातं. शहाण्या वैमानिकाने इथे सोडून द्यावं, पूर्ण थ्रॉटल देऊन वर जावं आणि पुन्हा फेरी मारावी. पण धावपट्टी तर डाव्या खिडकीत दिसतेय, हाताशी आलीय. जमीन जवळ असल्याने आणखी कलायची भीती वाटते, म्हणून डावा पाय रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, दाबतो, की नाक तरी तिकडे वळावं. नाक वळतं. वळणाच्या आतला पंख मंदावतो आणि खाली जाऊ लागतो. तो वर आणायला हात दांडा उजवीकडे नेतो, आणि त्याने आतल्या पंखाचा कोन आणखी वाढतो. नाक खाली झुकतं. खाली तर घरं आहेत, म्हणून हात दांडा मागे ओढतो. आतला पंख आधी स्टॉल होतो, बाहेरचा अजून उचलतोय, आणि विमान कुशीवरून पाठीकडे फिरतं. हा स्पिनचा पहिला क्षण. या साखळीतली प्रत्येक हालचाल माणसाच्या स्वाभाविक भीतीतून आलेली असते, बेफिकिरीतून नव्हे.

स्पिनमधून सुटायची रीत जगाला प्रथम कळली तीही अशीच अगदी शेवटच्या क्षणी. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये लार्कहिलजवळ विल्फ्रेड पार्क या नौदलाच्या तरुण अधिकाऱ्याचं एव्हरो विमान सुमारे सातशे फुटांवर गरगरू लागलं. दांडा मागे ओढला, रडर फिरण्याच्या दिशेला दाबला, काही उपयोग नाही. शेवटचा उपाय म्हणून त्याने रडर उलट दिशेला पूर्ण दाबला, आणि जमिनीपासून पन्नास फुटांवर विमान सरळ झालं. सातशे फुटांतले साडेसहाशे खर्च झाले होते. आज ही रीत प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पण सेसना १५२ च्या पुस्तिकेत एका गिरकीसाठी आणि त्यातून सावरण्यासाठी किमान हजार फूट गृहीत धरायला सांगितलं आहे, आणि उतरतानाचं वळण असतं चार-पाचशेवर. अमेरिकेतल्या वैमानिकांच्या संघटनेने १९९१ ते २००० या काळातले स्टॉल-स्पिनचे ४६५ जीवघेणे अपघात तपासले, तेव्हा निदान ८० टक्के हजार फुटांच्या आत सुरू झालेले निघाले. रीत ठाऊक असून ती वापरायला जागाच नव्हती.

हे सगळं मी वाचलेलं होतं. तरी एका प्रशिक्षण संस्थेतल्या तरुण शिक्षकाने मला शेजारी बसवून ते दाखवलं, तेव्हा कुठे ते अंगात उतरलं. सकाळची वेळ, खाली उसाचे हिरवे चौकोन, दोघांच्या खांद्याला खांदा लागेल एवढीच जागा. चार हजार फुटांवर गेल्यावर तो म्हणाला, "सर, साडेतीन हजारांवर जमीन आहे असं समजा. आपण उतरायला आलोय, पाचशे फूट उरलेत." त्याने थ्रॉटल मागे घेतला. इंजिनाची घरघर मंदावली आणि वारा ऐकू यायला लागला. डावं वळण सुरू झालं. त्याचा डावा पाय हळूच पुढे गेला, हात उजवीकडे, मग मागे. डोक्याच्या वर कुठेतरी स्टॉलचा भोंगा वाजू लागला, पिपाणीत पोराने फुंकर मारावी तसा, आधी बारीक, मग सलग. मी भोंग्याकडे लक्ष देत होतो तेवढ्यात डावी बाजू नाहीशीच झाली. समोरच्या काचेतलं आकाश गेलं आणि ऊस आला, गोल फिरणारा. त्याने थ्रॉटल बंद केला, उजवा रडर पूर्ण दाबला, दांडा पुढे केला. गिरकी थांबली. मग सावकाश ओढत त्याने नाक वर आणलं, तेव्हा माझी हनुवटी छातीला टेकली होती.

विमान सरळ झाल्यावर त्याने बोटाने उंचीच्या तबकडीवर टिचकी मारली. काटा तीन हजार शंभरवर होता. आमच्या मानलेल्या जमिनीच्या चारशे फूट खाली.

पुन्हा वर चढताना बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग तोच म्हणाला, "आणि सर, हे होणार आहे हे मला आधीपासून माहीत होतं."